हातच्याची वजाबाकी

९ जुलै

वर मायना घातलेला नाही. काय घालावा ते सुचलं नाही. धाकटा तुला ढापण्या म्हणायचा, त्याचं ऐकून मीही म्हणायचे. आता ते नाव कागदावर उतरत नाही.

ईमेल चारदा लिहून पुसला. कागदावरचं पुसता येत नाही, म्हणून कागद.

कामापुरतं लिहिते. तुमच्या कॉलेजचे सर शाळेत येऊन गेले. तिसरीचा तास चालू होता. ते दाराशी येऊन उभे राहिले आणि पोरं सवयीनं उठली. सर म्हणाले, विद्यार्थ्यांची काही डिझाइनं एकत्र करून यंदा एकाच चिपवर छापून घेणार आहेत. कारखान्यात, खरोखरीची चिप. तुम्हा दोघांच्या प्रोसेसरसाठी तिच्यावर जागा धरून ठेवली आहे. पण नुसतं डिझाइन देऊन भागत नाही. चाचणी प्रोग्राम लिहायचे, ते बोर्डावर चालवायचे, निकाल जोडायचे. सप्टेंबरअखेरची मुदत. नाही जमलं तर जागा पुढच्या जोडीला जाईल. "दोघांपैकी कोणीतरी करायला हवं," ते म्हणाले आणि मग माझ्या फळ्याकडे बघत राहिले.

दोघांपैकी तू आहेस. तुझा पत्ता त्यांनीच दिला.

प्रोसेसर त्याचा आणि असेम्बलर तुझा, एवढं मला ठाऊक आहे. त्यानं एकदा जेवताना समजावलं होतं. प्रोसेसरला आकड्यांखेरीज काही कळत नाही आणि माणसाला नुसते आकडे लिहवत नाहीत. म्हणून माणसानं 'मिळव', 'ठेव', 'मागं जा' असे शब्द लिहायचे, असेम्बलरनं त्यांचे आकडे करून द्यायचे.

"म्हणजे दुभाषी," मी म्हणाले.

"दुभाषी, पण चोख. पदरचा एक शब्द घालत नाही," तो म्हणाला. तेव्हा तू आमच्याच ताटावर बसला होतास आणि काहीही न बोलता जेवत होतास.

त्याच्या कॉम्प्युटरवर तुझा असेम्बलर चालत नाही. तुझ्या कुठल्याशा फोल्डरचं नाव सांगतो आणि बंद पडतो. चाचण्या तू करणार असशील तर उत्तम. नसशील तर असेम्बलर पाठव. मी शिकेन.

दुसरी अडचण बोर्डाची, म्हणजे चिप होण्याआधी प्रोसेसर ज्यावर चालवून बघतात त्या पाटीची. त्या दिवशी निघण्यापूर्वी त्यानं बोर्डावर एक प्रोग्राम चढवून ठेवला होता. ओळीनं आठ दिवे. उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. प्रोसेसरची गती त्यानं मुद्दाम इतकी मंद ठेवली होती की डोळ्यांनी पाहता यावं. तो प्रोग्राम अजून चालू आहे. वीज गेली तरी डिझाइन बोर्डात राहतं, पण चढवलेला प्रोग्राम पुसला जातो, हे त्यानं कधीतरी आईला सांगितलं होतं. त्याच्या अभ्यासातलं तिच्या तेवढंच लक्षात राहिलं. तिनं बोर्डाला बॅटरी लावून घेतली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आजी, एवढ्याशा खेळण्याला एवढी मोठी बॅटरी?" आईनं त्याला चहा न देता घालवून दिला.

आई आता त्याच खोलीत झोपते, तिथंच जेवते. मावशीकडे गेलेली नाही, देवळात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही. मागं काही झालं तर, म्हणते.

त्या दिव्यांच्या प्रोग्रामचा मजकूर त्याच्या कॉम्प्युटरवर नाही. तुझ्याकडे असेल तर तोही पाठव. मग बोर्ड थोडा वेळ थांबवून तसाच पुन्हा चालू करता येईल. मला ती चिप व्हायला हवी आहे. त्याचं काहीतरी त्या खोलीबाहेर असलं तर आईही बाहेर येईल, असं मला वाटतं. चूकही असेल माझी.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर दे. घरात तुझं नाव चालत नाही. गाडी तू चालवत होतास, यापुढे आईला काही ऐकायचं नाही. मला काय ऐकायचं आहे ते या पत्रात लिहिणार नाही.

— त्याची बहीण


२६ जुलै

पाकीट मिळालं. पुठ्ठ्याला चिकटपट्टीनं डकवलेला पेन ड्राइव्ह, बाकी काही नाही. पुठ्ठा उलटून पाहिला. मागंही काही नव्हतं.

दिव्यांचा प्रोग्राम त्यात नाही. म्हणजे तो कुठंच नाही, फक्त बोर्डात आहे.

तुझा असेम्बलर आता चालतो. तू बोलत नाहीस, पण तो बोलतो. पहिल्याच दिवशी मी चुकीचा शब्द लिहिला, तर म्हणाला, "ओळ ४: हा शब्द माझ्या बापजन्मात ऐकलेला नाही." मग स्मृतीतल्या नसलेल्या खणाचा क्रमांक दिला, तर, "ओळ ९: असा खण नाही. डोळे तपास." ढापण्यानं दुसऱ्याला डोळे तपास म्हणावं! मी हसले. आई दाराशी येऊन उभी राहिली. त्या खोलीत हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला होता आणि तो तिला आवडला नाही.

चाचणी लिहिणं मला परकं वाटलं नाही. आधी उत्तर ठरवायचं, मग ते उत्तर येईल असं गणित घालायचं, आणि समोरच्याला तेच उत्तर येतं का पाहायचं. माझा धंदाच तो. बेरजेची चाचणी लिहिली, मग वजाबाकीची, मग खणात ठेवून परत काढण्याची. शेवटी उड्यांच्या. पुढं उडी, मागं उडी, अट पाळली गेली तरच उडी. मागच्या उडीनं तीच कामं पुन्हा पुन्हा करवून घेता येतात, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. सगळ्या चाचण्या कॉम्प्युटरवरच्या नकली प्रोसेसरवर पास झाल्या.

नक्कल चालणार नाही, सर म्हणतात. बोर्डच हवा. तसा दुसरा बोर्ड कॉलेजात उरलेला नाही. मी आईजवळ विषय काढला.

"त्याची चिप होणार आहे, आई."

"होऊ दे की."

"त्यासाठी बोर्ड लागेल. फक्त एक दिवस."

"दुसरा घे."

"दुसरा नाही."

"मग एक दिवस मलाही बंद कर," आई म्हणाली. "जमतंय का बघ."

तुला मी हे का सांगते आहे? सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून. त्याचा अर्थ दुसरा काही काढू नकोस.


१४ ऑगस्ट

एक काम केलं आहे. ते तुलाच सांगता येईल.

पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा ऑफिसात जाऊन आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं. आईनं दोन तारखा टाळल्या. तिसऱ्यांदा पेन्शन थांबवण्याचं पत्र आलं. "मी जिवंत आहे हे त्यांना फोनवर कळत नाही का?" म्हणाली. शेवटी शेजारच्या काकूंबरोबर निघाली. निघताना मला म्हणाली, "इथून हलू नकोस."

मी हलले नाही. तिथं बसूनच बोर्डाचं बटण बंद केलं.

दिवे गेले. दुसरं काही झालं नाही. काय व्हायला हवं होतं कोण जाणे. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग एकेक चाचणी बोर्डावर चढवली. सगळ्या पास. निकालांचे फोटो काढून सरांना पाठवले. दिव्यांची नक्कल मी आधीच तयार ठेवली होती. आठवडाभर दिवे निरखून प्रोग्राम लिहिला होता, उजेड डावीकडे नेणारा मागच्या उडीचा एक फेरा, उजवीकडे आणणारा दुसरा. तो चढवला. दिवे हलू लागले. मला तर काही फरक दिसला नाही.

आई आली. चपला न काढताच खोलीत जाऊन बघून आली. मग पाय धुतले, ऑफिसातल्या बाईला नावं ठेवली. "माझा अंगठा चार वेळा घेतला. म्हणे, रेषा पुसट आहेत. म्हटलं, माणूस आख्खं समोर बसलंय ते बघ की!" आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, झालं, निभावलं.

दिवेलागणीला तिनं हाक मारली.

"हा तो नाही."

"कोण?"

"तो त्या टोकाला गेला की थांबायचा. दम घ्यायचा जरासा, मग वळायचा. हा कुठं थांबतोय? नुसत्या येरझाऱ्या घालतोय."

"वीज गेली असेल मध्ये," मी म्हणाले.

"वीज गेली असती तर तू दारातच सांगितलं असतंस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दिव्यांकडे पाठ करून झोपते. ताट मी नेऊन ठेवते, तासाभरानं उचलते. तिनं खाल्लं की नाही ते ताटावरून ओळखायचं.

तिला दिसत होतं ते मला दिसलं नाही. मी आठवडाभर टक लावून बघितलं, पण प्रोग्राम लिहायचा म्हणून बघितलं.

तो तिथं थांबवत होता का? का? किती? तुला माहीत असेल तर एवढं तरी लिही. मला ते परत आणायचं आहे.


२९ ऑगस्ट

तुझं उत्तर नाही. तरी ते परत आलं. कसं आलं ते सांगते.

आधी मी थांबा स्वतःच घातला. तुमच्या प्रोसेसरमध्ये काहीच न करणारी एक सूचना आहे, तू तिला 'रिकामी' म्हणतोस. प्रोसेसर ती वाचतो आणि पुढं जातो, वेळ तेवढा लागतो. डाव्या टोकाला अशा काही सूचना टाकल्या. आई वळून बघायची, पुन्हा पाठ करायची. कमी केल्या, वाढवल्या. अबोला तिनं सोडला तो एवढंच म्हणायला, "हा मुद्दाम थांबतोय."

मग वाटलं, आपण आपल्यासारखं लिहितोय. त्याच्यासारखं लिहून बघावं. त्याचे जुने प्रोग्राम काढले. त्याची एक खोड दिसली. काम काहीही असो, सुरुवातीला तो सगळे खण एकेक करून रिकामे करतो, वापरायचे नसलेलेसुद्धा. आई स्वयंपाकापूर्वी धुतलेली भांडी पुन्हा विसळते, तसं. मी तशी सुरुवात लिहिली. माझे थांबे काढून टाकले. बाकीचे दोन फेरे होते तसेच ठेवले. असेम्बलरमधून काढलं, बोर्डावर चढवलं.

उजेड डाव्या टोकाला गेला आणि थांबला. मग वळला.

मी तसं लिहिलं नव्हतं. पुन्हा पाहिलं. पुन्हा तिथंच थांबला. आई स्वयंपाकघरात होती. हातातली वाटी तशीच घेऊन ती दारात आली, बघत राहिली आणि म्हणाली, "आला."

ती जाऊन त्याच्या पलंगावर बसली. मला खोलीत बसवेना. मी अंगणात जाऊन उभी राहिले. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी दिवसाउजेडी मी तिथं उभी होते आणि आत जायला घाबरत होते.

दुसऱ्या दिवशी धीर करून असेम्बलरनं केलेल्या आकड्यांची यादी उघडली. आपण काय लिहिलं आणि त्यानं काय केलं, ओळीला ओळ लावून बघत गेले. दोन फेऱ्यांच्या मधोमध, मी न लिहिलेल्या तीन ओळी होत्या.

रिकामी. रिकामी. रिकामी.

दुभाष्यानं पदरचे शब्द घातले होते.

त्या तीन ओळी मी हातानं काढल्या. पुढचे आकडे वर सरकवले, बोर्डावर चढवले. उजेड डाव्या टोकाला गेला, परतताना एक घर सरकला आणि तिथंच थिजला.

कागद घेऊन बसले. तुमच्या स्मृतीत सूचना सोळा-सोळांच्या मोठ्या खणांत राहतात. लांबच्या उडीला थेट पत्ता दिलेला असतो, तिचं काही बिघडत नाही. जवळची मागची उडी मात्र वजाबाकीनं जाते. ती खणातल्या खणात असली तर ठीक. खणाची कड ओलांडून मागं जायचं असलं तर वजाबाकीत हातचा घ्यावा लागतो. एकतीसमधून तीन काढायचे. एकातून तीन जात नाहीत, म्हणून दशकाकडून एक घ्यायचा, अकरातून तीन गेले, आठ उरले. पण दशक एकानं कमी करायचं राहून गेलं तर उत्तर अठ्ठावीस येत नाही, अडतीस येतं. माझ्या वर्गात दरवर्षी निम्म्या वह्यांत हे अडतीस असतं. त्याच्या प्रोसेसरमध्ये तेच आहे. हातचा घेतला आहे, दशकाला सांगितलेलं नाही. उडी मागं जायची ती पुढं जाते, जिथं काहीच लिहिलेलं नाही तिथं.

आणि तुला हे माहीत होतं.

माहीत होतं म्हणूनच तुझा असेम्बलर कुठलाही फेरा खणाच्या कडेवर येऊ देत नाही. येतोसं दिसलं की मध्ये रिकाम्या सूचना भरून त्याला पुढच्या खणात ढकलतो. गुपचूप. कशालाही डोळे तपास म्हणणारा तुझा असेम्बलर याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. त्याच्या परीक्षेत म्हणूनच सगळं पास झालं, आणि माझ्या चाचण्याही त्यामुळेच. त्याचा प्रोसेसर जिथं चुकतो तिथपर्यंत तू कुणाला जाऊच दिलं नाहीस.

आई इतके महिने ज्या थांबण्याची वाट बघत बसली ते त्याचं नाही. तुझं आहे. ज्याचं नाव घरात चालत नाही त्याचं.

मी तिला सांगितलेलं नाही. ती जेवायला लागली आहे.

त्याला माहीत होतं का? बाकी काही लिहू नकोस, एवढं लिही.

— ताई


१० सप्टेंबर

सरांना जाऊन भेटले. न सांगता राहवलं नाही.

ते म्हणाले, "चाचण्या पास आहेत की."

"चाचण्या असेम्बलरनं सांभाळून घेतल्यात, सर. हे आकडे मी हातानं लिहिलेत. हे चालवून बघा."

कॉम्प्युटरवरच्या नकलेवर त्यांनी चालवून पाहिलं. नक्कल डिझाइनवरूनच केलेली आहे, त्यामुळे तीही तशीच थिजली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ह्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते," म्हणाले. नंतर बराच वेळ खडू शोधत होते. फळा दुसऱ्या खोलीत होता.

मग म्हणाले, "बाई, दोन रस्ते आहेत. आहे तसं द्यायचं, असेम्बलर बरोबर जोडायचा. कोणाला कळणारही नाही. नाहीतर दुरुस्त करायचं. पण चिप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा ओढली की ओढली. काय ते महिनाअखेरीच्या आत."

डिझाइनमध्ये हात घालणं मला जमणार नाही. प्रोग्राम लिहिता येतात म्हणजे प्रोसेसर कळतो असं नाही. सर म्हणतात, ते काम एका वायरचं आहे, पण ती कुठून कुठं न्यायची हे ज्याला डिझाइन पाठ आहे त्यानंच करावं. म्हणजे तूच.

माझं म्हणशील तर रोज बदलतं. एक मन म्हणतं, राहू दे. त्याच्या हातची चूक आहे. त्याचं अक्षर वाकडं होतं, ते कोणी सरळ करून घेतलं का? दुसरं मन तिसरीच्या बाईचं आहे. त्याला अडतीस बघवत नाही.

आणखी एक आहे. वायर जोडली की असेम्बलरला काही भरायची गरज उरणार नाही. थांबणं जाईल. कायमचं. चिप बरोबर व्हायची तर आईला पुन्हा सांगावं लागणार, आणि या वेळी खोटं चालणार नाही. तिनं आता इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वेणी घालून घेतली माझ्याकडून.

तू दुरुस्त केलंस तर मी तिला सांगेन. नाही केलंस तर आहे तसं जाईल आणि मी गप्प बसेन. हा निर्णय मी तुझ्यावर ढकलते आहे हे मला कळतं.

— ताई


२५ सप्टेंबर

ढापण्या,

तुझं दुरुस्त केलेलं डिझाइन सरांना मिळालं. सरांनी ते आमच्या बोर्डात घालायची फाइल करून मला दिली. आणि शाळेत तुझं पत्र आलं. साडेतीन ओळी. मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या वाचल्या.

'ताई, त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी निघताना जिन्यात मी सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तो हसला. म्हणाला, उद्या जोडू, आज राहू दे.'

मी घरी जाऊन आईसमोर बसले. सगळं सांगितलं. बटण मीच बंद केलं होतं, इथपासून सुरुवात केली. ती म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पुढं बोल." मग हातच्याचं सांगितलं. एकतीस वजा तीन कागदावर करून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला मी बोटं धरून शिकवलं होतं हे." मग थांबण्याचं सांगितलं. कोणाचं आहे ते सांगितलं.

ती दिव्यांकडे बघत राहिली. उजेड त्या टोकाला गेला, थांबला, वळला. पुन्हा गेला, थांबला, वळला.

"म्हणजे इतके दिवस मी ह्याला..." म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझं नाव घ्यावं लागलं. तिनं अडवलं नाही.

"आज राहू दे म्हणाला?"

"हो."

"अंघोळीलाही तेच म्हणायचा," आई म्हणाली. तोंडावर पदर धरून ती हसली, आणि मग तो हात तिनं बराच वेळ खाली घेतला नाही.

मी विचारलं, "आई, आता काय करायचं? जोडलं तर हे थांबणं जाईल. तू म्हणशील तसं."

"उद्या जोडू म्हणाला ना तो?"

"हो."

"मग मला काय विचारतेस? जोडा."

ती उठली. बॅटरीची पिन तिनंच काढली, मग भिंतीवरचं बटण बंद केलं. माझ्यासारखं घाईनं नाही. बॅटरीची घरघर थांबली. ती घरघर होती हे मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी बोलेल.

नवं डिझाइन घातलं. हातानं लिहिलेले आकडे चढवले, रिकाम्या सूचनांवाचून, फेरा बरोबर खणाच्या कडेवर. उजेड गेला, वळला, परत आला. आईनं चार फेऱ्या पाहिल्या. "आता थांबत नाही," म्हणाली.

"नाही."

"चालतंय म्हणजे."

चाचण्या सगळ्या पुन्हा घेतल्या. कडेवरच्या उड्यांच्या नव्या सहा लिहिल्या, त्याही पास झाल्या. तुझा असेम्बलर वापरला, भरण्याची खोड तेवढी काढून. ती कुठं होती ते शोधायला मला एक अख्खा दिवस लागला. काय लपवून ठेवली होतीस! काल सर सगळं घेऊन गेले. आज पोच आली. जागा पक्की झाली. चिपवर तुम्हा दोघांचा प्रोसेसर जाणार.

आई काल तिच्या जुन्या खोलीत झोपली. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिला झोप लागलेली नव्हती, मलाही नाही. भिंतीपलीकडून तिच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता. सकाळी चहा घेताना मला म्हणाली, "त्याला पत्र लिहिशील तेव्हा एक विचार."

मी म्हणाले, "काय?"

तिनं कपातला चहा संपवला. अपघातानंतर तू इथं आलास आणि तिनं दारातूनच परत पाठवलं, तेव्हा हेच विचारायचं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं, असं म्हणाली. मग विचारलं.

गाडीवरून पडल्यावर तो काही बोलला का? तू शेजारी होतास. अँब्युलन्स येईपर्यंत तूच होतास. काही मागितलं का त्यानं, पाणी, कोणाला हाक मारली का?

बोलला असेल तर जसं बोलला तसं लिही, शब्दाला शब्द. काहीच बोलला नसेल तर तसं लिही. तिला बरं वाटावं म्हणून मध्ये काही भरू नकोस. तिला कळतं.

पत्र ती स्वतः फोडणार आहे. मी आधी वाचणार नाही.

— ताई